चिरुटांच्या पेटीतल्या डांबरगोळ्या

ता. ४ मार्च

चि. धाकटीस, दादाचे भरभरून आशीर्वाद.

पेटी पोचली. हात थरथरायला लागण्याआधी बाबांनी वळलेले हे शेवटचे चिरूट, तुझ्या थंड खोलीत इतकी वर्षं मुरायला ठेवलेले. झाकण उघडताच लाकडाचा, गोडसर पानाचा वास यायला हवा. आला तो कपड्यांच्या कपाटाचा! चिरुटांमध्ये चक्क डांबरगोळ्या? अगं, चिरूट वळणाऱ्याची मुलगी ना तू? चिरूट शेजारचा प्रत्येक वास पिऊन बसतो, म्हणून साबणाच्या हातांनी बाबा आपल्याला टेबलाजवळ फिरकू देत नसत. रविवारी ते पेटी उघडायला इथे येताहेत. कोणत्या तोंडाने पुढे ठेवू?

रागावलेला तरी तुझाच,
दादा

ता. ७ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

चूक माझीच. एका चिरुटाला बारीक भोक दिसलं. कीड लागली म्हणून घाबरले आणि लोकरीच्या कपड्यांना करते तेच केलं. डोकं गहाण ठेवलं होतं म्हण! बाबांना माझं नाव सांगून टाक. कारखान्यात ज्यांना 'नाकशेठ' म्हणतात, जे नुसत्या वासावर पानं निवडतात, त्यांच्यापासून काय लपणार? मला जेवण जात नाही.

वहिनीस नमस्कार. लोभ आटू देऊ नकोस.
धाकटी

ता. १२ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

काय लिहू! गोळ्या मी आधीच काढून टाकल्या होत्या. सगळं सांगायला तोंड उघडणार तोच बाबांनी चिरूट पेटवलासुद्धा. असा दर्प सुटला की शेजारचे काका खोकत गॅलरीत पळाले. आणि बाबा? डोळे मिटून, राख न पाडता, सावकाश धूर सोडत म्हणाले, छान मुरलाय, मधासारखा लागतोय. धाकटे, बाबांना वास येत नाही. अजिबात नाही! आणि हा माणूस रोज कारखान्यात पानं हुंगून निवडतो. मालकांना कळलं तर? मला विचारवलं नाही. तू जाऊन विचार.

माया राहू दे.
दादा

ता. १९ मार्च

चि. थोरल्यास, आशीर्वाद.

धाकटी येऊन थेट विचारून गेली. रडत होती, मीच तिला पाणी दिलं. थंडीतल्या तापानंतर नाक गेलं, ते परत आलं नाही. हुंगायचं नाटक करायचो आणि पान बोटांनी ओळखायचो. निदान मला तसं वाटायचं. त्या रविवारी तुझ्या घरी तुमचे चेहरे बघून कुणाचा तरी घोळ झालाय एवढं कळलं, म्हणून मधाचं नाव घेतलं. पण माझ्याच हातच्या चिरुटाला डांबरगोळ्यांचा वास लागला आणि मला पत्ता नाही, याचा मला जबर धक्का बसला.

आज मालकांना सांगितलं, दुसरा माणूस बघा. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. म्हणाले, आम्हाला केव्हाच कळलंय. तुम्ही घरी गेलात की तुमची पानं दुसरा माणूस पुन्हा निवडतो. तुम्हाला सांगायचं धाडस कुणाला झालं नाही.

धाकटीला रागावू नकोस. तू तिला पाठवलंस आणि तिने मला तोंडावर विचारलं, हे बरं केलंत.

मायेत अंतर नसावं.
तुझे बाबा