सुईची चपटी बाजू

॥ श्री ॥
सिन्नर, ९ फेब्रुवारी १९९७

चि. ज्योत्स्ना हिस जयराममामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं शिलाई मशीन आल्याचं तुझ्या आईने कळवलं. मी कारखान्यात स्टोअरमधल्या सगळ्यांना पेढे दिले. मल्हारी विचारत होता की या वयात मला मुलगी झाली की काय! म्हटलं, भाची मालकीण झाली आहे.

आता नीट वाच. मला कुणी शिकवलेलं नाही. देवळाली कॅम्पातल्या लिलावात जुनं मशीन घेतलं, स्क्रू न् स्क्रू खोलून पुन्हा जोडलं आणि सव्वीस वर्षं चालवतो आहे. तेव्हा मी सांगतो तेच धरून चाल. रीळ वरच्या खिळीवर. दोरा ताणाच्या दोन चकत्यांमधून घेऊन वर-खाली होणाऱ्या लिव्हरच्या भोकातून काढायचा, मग खाली सुईकडे. सुई बसवताना तिची चपटी बाजू चाकाकडे, म्हणजे उजवीकडे. दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. हे दोनदा वाच, लोक इथेच चुकतात. ओवताना पाय पायडलवर नको.

तुझ्या आईला, वत्सलाला सांग, मशीनवर धुण्याचे ढीग ठेवायचे नाहीत.

कळावे. आठवण ठेवून असावे.
तुझा जयराममामा

—

नामपूर, १७ फेब्रुवारी १९९७

ती. जयराममामांस ज्योत्स्नाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मशीनच्या वर भिंतीला चिकटवलं आहे. पप्पा म्हणाले की देवाच्या फोटोलाही एवढी चांगली जागा नाही मिळाली. शाळेच्या पन्नास गणवेशांचं काम मिळालं आहे. माझ्याबरोबर स्नेहल आणि आणखी दोघी आहेत. त्यांच्याकडेही अशीच नवी मशीन आहेत, म्हणून तिघींनी तुमचं पत्र वहीत उतरवून घेतलं. मामा, तुम्ही आता आमच्या गल्लीचे मास्तर झालात.

फक्त टाके फार सुटतात. चार पडले की दोन गायब. खाकी कापडाच्या दुहेरी घडीवर तर शिवणच धरत नाही. काय करू?

मामींना नमस्कार. रागावू नये, जीव लावून असावे.
तुमची ज्योत्स्ना

—

सिन्नर, २१ फेब्रुवारी १९९७

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

मशीन टाके सोडत नाही, हात सोडतो. तू कापड भीतभीत सरकवत असशील. ताण दोन फेरे घट्ट कर, अठरा नंबरची जाड सुई लाव, आणि दुहेरी घडीवर न थांबता जोरात चालव. सुईची बाजू मी लिहिली तशीच आहे ना, एवढं बघ. बाकी माझ्यावर सोड. त्या तिघींनाही हेच सांग.

घाईत आहे. सगळ्यांना आशीर्वाद पोचवावेत.
जयराममामा

—

मालेगाव, २८ फेब्रुवारी १९९७

ती. दादास वत्सलाचा साष्टांग नमस्कार.

दादा, खाटेच्या कडेवर कागद ठेवून लिहिते, अक्षर समजून घे. परवा मशीनची सुई तुटली आणि तिचा तुकडा उडून ज्योत्स्नाच्या उजव्या डोळ्यात गेला. पोर ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. बोटांच्या फटीतून पाणी आणि रक्त येत होतं. कांद्याच्या टेम्पोतून तिला इथं डोळ्याच्या दवाखान्यात आणली. डॉक्टरनं तुकडा काढला, बुबुळाला टाका घातला. दोन्ही डोळे बांधलेत. पट्टी सोडल्याबिगर नजर आहे का नाय ते सांगता येणार नाय म्हणतात. मी विचारायलाही घाबरते.

ती माझा हात धरून पडली आहे. सारखं म्हणते, मामांनी लिहिलं तसंच केलं होतं, आई, अगदी तसंच.

तू येऊ नको. हे लय रागात आहेत. तुझं पत्र भिंतीवरून ओढून काढलं त्यांनी. देवाला हात जोड.
तुझी वत्सला

—

सिन्नर, ३ मार्च १९९७

सौ. वत्सलास अनेक आशीर्वाद.

पत्र आज मिळालं. जेवण गेलं नाही. माझं काही चुकलं असेल असं मला वाटत नाही, पण मला नीट कळलं पाहिजे, म्हणून विचारतो. सुई कुठल्या कंपनीची होती? स्क्रू आवळला होता का? तुटली ती टोकाशी की मधोमध? कापड ओढलं होतं का? स्वस्त सुया कच्च्या लोखंडाच्या असतात, त्या तुटतात. माझ्या मशीनला सव्वीस वर्षांत असं झालं नाही. सकाळी माझ्या मशीनवर पुन्हा चपटी बाजू उजवीकडे लावून, डावीकडून ओवून पाहिलं. टाका सरळ पडतो.

तरी आणखी एक विचारायचं आहे. त्या तिघी मुली अजून शिवतात का? एवढं ताबडतोब कळव. पोरीच्या डोक्यावरून माझ्या वतीने हात फिरव.
दादा

—

सिन्नर, ६ मार्च १९९७

वत्सला,

नमस्कार-आशीर्वाद आज लिहवत नाहीत. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे. नामपूरच्या घरी तारही केली आहे: सर्व मशीन बंद ठेवा, माझे पत्र चूक. ती पोचली नसेल तर आधी स्नेहलच्या घरी कुणाला तरी धाड, मग हे वाच.

काल सुट्टी टाकून नाशकात मशीनच्या दुकानात गेलो. ज्योत्स्नाच्या मशीनसारखं मशीन दाखवा म्हटलं. दुकानदाराने खालची पट्टी सरकवली, आणि मी वाकून पाहिलं. आत गोल बॉबिन, आणि दोरा उचलणारा आकडा सुईच्या डाव्या अंगाने फिरणारा. माझं मशीन लांब शटलचं आहे. होडीसारखं शटल पुढे-मागे पळतं, तेही सुईच्या उजव्या अंगाने. म्हणून माझी चपटी बाजू उजवीकडे. तिची डावीकडे हवी होती. सुईला चपट्या बाजूनेच खाच असते, तिथून आकडा दोरा उचलतो. मी ती खाचच पलीकडे फिरवायला लावली. म्हणून टाके सुटत होते. पोर ते मला सांगत होती. आणि मी तिला ताण घट्ट कर, जाड सुई लाव, जोरात चालव, असं लिहिलं. ताणाने वाकलेली ती जाड सुई आकड्यावर आपटून तुटली.

मी आयुष्यात एकच मशीन खोललं, आणि सगळी मशीन ओळखतो असं समजलो. सुई कच्ची नव्हती. ज्योत्स्नाच्या वडिलांना, धनराजरावांना हे पत्र वाचून दाखव. ते जे बोलतील ते बरोबर असेल.

सोबत वेगळा कागद आहे, मुलींसाठी. सुईची चपटी बाजू डावीकडे, बाहेर. दोरा उजवीकडून डावीकडे. रीळ, मग चकत्या, मग लिव्हरचं भोक, मग सुई. आधी चाक हाताने तीनदा फिरवून पाहायचं, मगच पाय. जुना कागद जाळून टाकावा.

पट्टी कधी सुटणार? एका ओळीत कळव. आंधळी झाली असली तरी कळव. रोज पोस्टमनला वाटेतच गाठतो आणि पत्र नसलं की जिवात जीव येतो. असा माणूस झालो आहे.
जयराम

—

नामपूर, २४ मार्च १९९७

ती. जयराममामांस ज्योत्स्नाचा शि. सा. नमस्कार.

अक्षर माझंच आहे. एक डोळा झाकून, एक उघडा ठेवून, मग उलट करून, अशा आळीपाळीने लिहिते आहे.

पट्टी शुक्रवारी सुटली. आधी नुसतं पांढरं दिसलं आणि मी किंचाळले. मग आईची साडी हिरवी झाली. तक्त्यावरच्या वरच्या चार ओळी वाचल्या, खालच्या तीन नाही. मधोमध एक डाग राहील म्हणतात, काचेवर बोट लागावं तसा. टाका काढल्यावर चष्मा मिळेल. आईने दवाखान्यातल्या सगळ्या बायकांना गूळ वाटला. पप्पांनी तुमचं पत्र तीनदा वाचून घेतलं आणि तुम्हाला द्यायचे म्हणून कांदे निवडून पोत्यात भरले. स्नेहल आणि दोघी सुखरूप आहेत. तार आली त्या दिवशी स्नेहल मशीनवरच बसली होती.

आता एक सांगते. मशीनबरोबर छापील पुस्तक आलं होतं. त्यातल्या चित्रात सुई तुमच्या सांगण्याच्या उलट होती. मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, आणि पुस्तक गादीखाली ठेवून दिलं. तुम्हाला तसं लिहायची हिंमत झाली नाही. चौथीत असताना तुमची कापडाची कात्री कागदाला लावली म्हणून तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नव्हता, ते डोक्यात होतं. सुईपेक्षा तुमची भीती जास्त होती, मामा.

तुमचा नवा कागद पुस्तकाशी एकेक ओळ ताडून पाहिला. त्यातही एक राहिलं आहे. चकत्यांशेजारी बारीक तारेची स्प्रिंग असते, दोरा तिच्यात अडकवूनच वर न्यायचा, नाहीतर खाली गुंता होतो. तुम्ही ती लिहिलीच नाही. तुमच्या मशीनची कधीच तुटली असेल. मी ते लाल शाईने घालून मगच मुलींना कागद दिला.

रागावायचं असेल तर इथे येऊन रागवा. एस.टी. सकाळची धरा.
तुमची ज्योत्स्ना