कयाधू फ्यूजनचं रीयुनियन आणि माझा संयम

२ सप्टेंबर २००३

आज नऊ वर्षांनी भीमसिंग आला. सॅक्सोफोनवाला. त्याला आणि ड्रमवाल्या धम्मानंदला घेऊन मी हिंगोलीत, तिथल्या नदीच्या नावाने, 'कयाधू फ्यूजन' काढला होता. मराठवाड्यातला पहिला जॅझ फ्यूजन बँड. दुसरा अजून निघालेला नाही.

तो दारात दिसताच कालिंदीने खलातला बत्ता उचलून कपाटात ठेवला. माझी बायको संशयी स्वभावाची आहे.

वास्तविक १९९४ साली वाशिमला जे झालं तो कलात्मक मतभेद होता. भीमसिंगचा सोलो संपेना. मी गिटार घेऊन ताटकळत उभा. शेवटी माइकचा स्टँड जरा जोरात बाजूला केला, तो त्याच्या तोंडावर बसला. पुढचा दात पडला. सॅक्सवाल्याला पुढच्या दाताचं इतकं काम असतं हे मला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. बँड तिथेच मोडला.

भीमसिंग म्हणाला, "सूर्याभाऊ, झालं गेलं. धम्मासरांनी दोन प्रोग्राम धरलेत. एक कनेरगाव नाक्याला, एक हिंगोलीत, दसऱ्याच्या आधी. नांदेडचा माणूस लाइव्ह रेकॉर्डिंग करणार हाय. कॅसेट काढू. तुमच्याबिगर कयाधू कशी व्हईल?"

हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. मी म्हणालो, विचार करतो. तो फाटकापर्यंत पोचायच्या आत हो म्हणालो.

संकल्प : कोणावरही हात उचलायचा नाही. पायही.

३ सप्टेंबर

संकल्प चालू. दूधवाल्याला फक्त कॉलर धरून समजावलं.

७ सप्टेंबर, रविवार

सेनगावला पहिली रिहर्सल, धम्मानंदच्या मेव्हण्याच्या सोयाबीनच्या गोदामात. एसटीने गेलो. कंडक्टर म्हणे गिटारचं वेगळं तिकीट लागेल. गिटार म्हणजे सामान नव्हे हे पटवून देताना माझा ओठ फुटला. त्याचा शर्ट फाटला. सरकारी कापड हलकं असतं.

रिहर्सल एकंदरीत छान. सात मात्रांच्या तुकड्यात धम्मानंद थांबला आणि म्हणाला, "सूर्या, तू एक मात्रा पुढं पळून राहिलास." मी म्हणालो, तुम्ही मागे आहात. तो म्हणाला, "दोघंबी?" कॉलेजात फिजिक्स शिकवून त्याला हा टोन आला आहे. मी त्याच्या ड्रमची झांज काढून फेकली. कोणाच्या अंगावर नाही, साधारण त्याच्या दिशेने. त्याच्या कानाजवळून जाऊन ती पोत्यात निम्मी घुसली. मग बराच वेळ दाणे गळत होते. त्या आवाजात सुंदर लय होती, पण ऐकायला यांच्यापैकी एकालाही कान नाही.

भीमसिंग गुपचूप खाली बसून सोयाबीन भरत राहिला. वाजवायच्या आधी तो खोटा दात बोटाने दाबून घट्ट बसवतो. हे तो मुद्दाम माझ्यासमोर करतो.

१२ सप्टेंबर

राग आला की दहापर्यंत मोजावं असं एका मासिकात वाचलं. ऑफिसात प्रयोग केला. सहावर असताना पेपरवेट सुटला. शिपायाला टाके पडले नाहीत, नुसती सूज. पद्धत उपयोगी वाटते.

२२ सप्टेंबर

काल कनेरगाव नाक्याचा प्रोग्राम. डाव्या हाताने लिहितोय.

ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत स्टेज होतं. समोर ट्रकवाले, आसपासच्या गावांतले लोक. पहिले तीन नंबर बरे झाले. चौथ्यात भीमसिंगचा सोलो. तोच. पूर्वीइतकाच लांब. लोक एकदम गप्प झाले, कंटाळले असावेत. मी संयमाने उभा राहिलो. हे कोणीतरी नोंदवायला हवं होतं.

मग माझा सोलो. मध्यावर पुढचा एक मफलरवाला ओरडला, "अबे ते गिटार बंद करा, बाजा वाजू द्या!"

मी स्टेजवरून उतरलो. म्हणजे उडी मारली. गिटार त्याच्या खांद्यावर मोडली. त्याच्या भावाने माझं डोकं बाकावर आपटलं. मी त्याच्या भावाचं. ट्यूबलाइटी फुटल्या, लेकरं रडायला लागली. मला सोडवायला आलेल्या धम्मानंदची भुवई माझ्या कोपराने फुटली, त्याने मधे यायला नको होतं. ढाब्याचा आचारी कढईतला झारा घेऊन धावत आला. तो माझ्या डोक्यात बसणार तेवढ्यात भीमसिंग आडवा माझ्या अंगावर पडला. तेलात तापलेला झारा त्याच्या पाठीवर बसला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तो माझ्यावर पडून राहिल्यामुळे मला उलट मारता आलं नाही. ऐन वेळी त्याने माझी अडचण केली.

सॅक्स लोकांच्या पायाखाली आला. भोंगा एका बाजूने चेपला.

रेकॉर्डिंगवाला म्हणतो टेपवर नुसत्या आरोळ्या आहेत आणि शिव्या बहुतेक माझ्या आहेत, हे विकता येणार नाही. मी म्हणालो, लाइव्ह म्हणजे लाइव्ह. तो नांदेडला निघून गेला.

२४ सप्टेंबर

भीमसिंगची आई जनकाबाई आली होती. एकटी, टमटमने. मी भांडणाच्या तयारीत. ती उंबऱ्याशी बसली. कालिंदीने तिला आत खुर्चीवर बसवून चहा दिला.

जनकाबाई म्हणाली, "बापू, वाशिमच्या वक्ताला माझ्या पोरानं दोन वर्सं बाजाला हात लावला न्हाई. भाकर दुधात कुस्करून चारली म्या, एवढ्या मोठ्या बाप्याला. तुमचं नाव कुणाच्या पुढं घेतलं न्हाई त्यानं. आता पाठ भाजून आला. पालथा निजून राहिला. तुमाला माराचं असंल तर मारा. पण काहून मारता तेवढं एकडाव सांगा मला."

माझ्याकडे उत्तर होतं. सविस्तर होतं. पण म्हाताऱ्या बाईला जॅझमधली गुंतागुंत कशी समजावणार? मी खाली बघत राहिलो. फरशीला तडा गेलाय. सिमेंट भरायला हवं.

तिने वाट बघितली. मग कप विसळून ठेवला आणि गेली.

ती गेल्यावर कपाटाचा आरसा फुटला. माझ्या मुठीनेच, पण तो आधीपासून सैल होता. कालिंदी काचा गोळा करताना बोलली नाही. जेवतानाही नाही.

२६ सप्टेंबर

धम्मानंदचा फोन. हिंगोलीचा प्रोग्राम ते दोघंच करणार. मी शांतपणे बरं म्हणालो. नवीन फोन बघायला हवा.

संकल्प : त्या दिवशी जायचं. सभ्यपणे बोलायचं. पांढरा शर्ट.

३ ऑक्टोबर

काल प्रोग्राम झाला. गांधी जयंतीची सुट्टी, त्यामुळे गर्दी.

हॉलच्या गेटवर एक स्वयंसेवक म्हणाला, "पास दाखवा." मी म्हणालो, बँड माझा आहे. तो म्हणाला, "व्हय, पण पास?" मी डोकं मारलं. त्याच्या नाकातून रक्त आलं, ते माझ्या पांढऱ्या शर्टावर. मग बाकीचे स्वयंसेवक माझ्या पाठीवर बसले. आयोजनात शिस्त होती, हे मानायला हवं.

धम्मानंद बाहेर आला. भुवईवर टाक्यांची पट्टी. मला वाटलं, आता केस होणार. मनात कोर्टातलं भाषण जुळवत होतो. तो माझ्याकडे न बघता बंदोबस्तावरच्या हवालदाराला म्हणाला, "तक्रार न्हाई. याला फक्त प्रोग्राम संपेपर्यंत बसवून ठेवा."

चौकी रस्त्यापलीकडेच. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. चुका शोधाव्या म्हणून लक्ष दिलं. चेपलेल्या भोंग्यामुळे सॅक्सचा आवाज घोगरा झालाय, घसा बसलेल्या माणसासारखा. चौथ्या नंबरात त्याचा सोलो आला. चालूच राहिला. कोणी थांबवला नाही. रस्त्यावर एक ऑटोवाला इंजिन बंद करून ऐकत बसला.

हवालदाराने विचारलं, "तुमी काय वाजवता?"

गिटार.

त्याने कान देऊन ऐकलं. "मंग आता ते न्हाई वाजून राहिलं?"

नाही.

"तसं काही कमी वाटत न्हाई," तो म्हणाला.

मी त्याला मारलं नाही. हात सुजला होता. चौकीत धूळ फार आहे, डोळ्यांना पाणी येतं.

८ नोव्हेंबर

हिंगोलीच्या प्रोग्रामची कॅसेट निघाली. मी घेणार नव्हतो. तपासण्यासाठी घेतली. दोन्ही बाजू रोज तपासतो. चौथा नंबर ऐकताना काल कालिंदी पोळपाट सोडून दारात येऊन उभी राहिली. संपल्यावर परत गेली. माझ्याशी बोलली, "पुन्हा लावा," एवढंच.

१६ नोव्हेंबर, रविवार

भीमसिंग येणार असल्याचा सकाळी निरोप आला. अकोल्याला बोलावलंय म्हणे त्यांना. ठरवून ठेवलं : पहिल्यांदा विचारल्यावर नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारल्यावर गप्प राहायचं. तिसऱ्यांदा उपकार केल्यासारखं हो. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. चार सुरांचा रियाज, उसन्या गिटारीवर.

तो बाहेरच उभा राहिला. पाठ अजून नीट वाकत नाही त्याची. म्हणाला, "सूर्याभाऊ, तुमचा अँप्लिफायर दोन दिवस देता का? सॅक्सचा माइक लावाचा हाय. तिथला चांगला न्हाई म्हणतात."

मी दहापर्यंत मोजलं. पूर्ण मोजलं.

मग अँप्लिफायर उचलला. भीमसिंग हात लावायला पुढे झाला, त्याला म्हणालो राहू दे, पाठ सांभाळ. जीपपर्यंत मीच नेला. धम्मानंद पुढे बसला होता. त्याने उतरून मागचं दार उघडलं आणि थँक यू म्हणाला.

मागे बसायला जागा आहे का बघितलं. अँप्लिफायर ठेवल्यावर नव्हती.