दारात कोण उभं राहणार

कुरखेडा
शनिवार, २८ डिसेंबर २०२४

चि. दिव्यानीले कमळाचे भरभरून आशीर्वाद.

तिकीट पुढं ढकललंस हे मले झेरॉक्सवाल्या करिष्माकडून कळावं का व? सासू मेली का तुही? दहा जानेवारीले येतो म्हणून गेलीस, आता म्हणे फेब्रुवारी सरल्यावर. अन् मधात वसंतपंचमीले प्रफुलचं लग्न आहे. सख्ख्या दिराचं. घरात सून एक, ती स्कॉटलंडात पाहुणी होऊन बसली.

स्वाती तुही शाळेतली मैत्रीण, तिथी नर्स आहे, तिनं हौसेनं बोलावलं तवा मीच म्हटलं जा. माहा दिनेश वारला त्याले तीन वर्षं झाली, तवापासून तू धानाच्या बांधीपल्याड काही पाह्यलं नव्हतं. पण दोन महिने म्हणजे दोन महिने. तिथी आहे काय येवढं? करिष्मानं फोटो दाखवले. झाडाले पान नाई, डोंगर भुरके, अन् गायीच्या डोळ्यावर केसच केस. त्या गायीले दिसते तरी कसं?

फोनवर मले बोलता येत नाई, समोर माणूस नसलं की मी भांडतो. म्हणून लिहून राह्यली. करिष्मा याचा फोटो काढून धाडते, तुहं आलं की कागदावर छापून देते. तुहा सासरा म्हणते, तिले थंडी बाधली का इचार. इचारलं. आता खरं कारण लिही. लोभ आहेच, तो काही तिकिटासारखा पुढं ढकलता येत नाई.

कमळा

—

इन्व्हरनेस
२ जानेवारी २०२५

ति. आईंना दिव्यानीचा पाया पडून नमस्कार. बाबांनाही.

तुमचं पत्र वाचून स्वाती हसली. मी नाही हसले.

थंडी बाधली नाही. दिवस मात्र साडेतीनलाच मावळतो. गाईंना दिसतं, मी जवळ गेले तर माझ्याआधी हातातली पिशवी दिसली. स्वातीच्या घराखाली मोराग आजी राहतात, ऐंशीच्या. स्वाती ड्यूटीवर गेली की त्याच मला हिंडवतात. एकवीस डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, त्यांनी मला जुन्या थडग्यांकडे नेलं. चार हजार वर्षांपूर्वीचे उभे दगड, आपल्या भामरागडकडे माडिया लोक गेलेल्या माणसासाठी उभे करतात तसेच. त्या दिवशी मावळतीचं ऊन दगडांच्या बोळातून थेट आत जातं. आजी म्हणाल्या, गेलेल्यांनाही वर्षातून एकदा ऊन मिळायला हवं. मला यांची आठवण आली, मी रडले. आजींनी काही न विचारता खिशातून बिस्किट काढून दिलं.

आता कारण. इथे नव्या वर्षाला, बारा वाजून गेल्यावर, घरात पहिलं पाऊल कोणाचं पडतं याला फार महत्त्व. काळ्या केसांचं माणूस लागतं, हातात कोळसा, मीठ आणि ब्रेड घेऊन आलेलं. खरं तर पुरुषच हवा, शेजारी तसं बोललेही. आजी म्हणाल्या, केस काळे आहेत ना, पुरे. त्यांनी मलाच बोलावलं. आई, मी उंबऱ्यापाशी थांबले. सांगितलं की माझा नवरा वारलाय, माझं पाऊल नको. त्या म्हणाल्या, माझाही वारलाय, बाहेर थंडी आहे, आत ये. मी गेले. मग सगळे नाचले, पुरुष घागऱ्यासारखं नेसून.

मंगली आत्यांच्या पोरीच्या हळदीला तुम्हीच मला म्हणालात, मांडवात नको येऊ, आत भाताकडे पाहा. मी राग धरला नाही. पण प्रफुलभावजींच्या लग्नात पुन्हा तेच ऐकायचं नव्हतं, म्हणून तिकीट ढकललं. सांगायचं धाडस झालं नाही. तुमची माया आटू देऊ नका.

दिव्यानी

—

कुरखेडा
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. दिव्यानी, सुखात राहा.

काल बाजारात चष्मा नेला नव्हता, म्हणून करिष्मानं पत्र दुकानातच मोठ्यानं वाचलं. हळदीचं आलं तशी ती थांबली. मी म्हटलं, वाच.

म्हटलं होतं मी. खोटं कशाले बोलू. बाया कुजबुजतील, त्याच्या आधी आपणच सांगितलेलं बरं, असं वाटलं. तुले वाचवून राह्यली असं वाटत होतं मले. तू आत दोनशे माणसाचा भात रांधला, मी पंगतीत बसून खाल्ला, वरून म्हटलं की गिचका झाला. चुकलीच मी. हे एकदाच लिहतो, घरी आल्यावर इचारू नको.

अन् बाप्ये घागरा नेसतात याचं काय येवढं, आपल्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात नेसत नाई का?

बाजारातून तशीच मंगलीच्या घरी गेली. सांगितलं, नवरी आली की दारात आरती घेऊन मोठी जाऊ उभी राहील, तांदळाचं माप तीच ठेवंल. मंगली म्हणाली, वैनी, असं कुठी होते का, मंग मी येणार नाई. मी म्हटलं, नको येऊ, एक पत्रावळ कमी. तुहा सासरा सकाळपासून दाराची चौकट घासून राह्यला. प्रफुल म्हणते, वहिनी नसंल तर मी फोटोत तोंड वाकडं करतो.

नवरीच्या मायले बी सांगून टाकलं. ती म्हणाली, तिचं लुगडं आमच्याकडून, रंग सांगा. मी हिरवं म्हणूनच टाकणार होती. पण मागच्या वेळी बी तुले न इचारताच बोलली होती. म्हणून इचारून राह्यली.

येतंस का नाई, अन् हिरवं का दुसरं, दोन्ही लिही. हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती बाजाराच्या गावी करिष्माकडं धाडतो. अकरा तारखेच्या शनिवारी मी तिच्या दुकानासमोर बसतो. उत्तर हाती आल्याबिगर उठत नाई.

तुही सासू
कमळा