या, बसा

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार, यवत

आले एकदाची. घरमालकीण ताईबाईंनी खोली लख्ख करून ठेवली होती. पुढे ओटा, ओट्यावर सावलीत लाकडी बाकडं. ताईबाई वरच्या मजल्यावर एकट्याच असतात आणि भेटल्याबरोबर जेवलीस का विचारतात. मला बाई आवडल्या.

काम तर त्याहून झकास. शिरूर ते चौफुला या रस्त्यावर विनाचालक विजेच्या गाड्या धावायच्या झाल्या, तर थांबे, चार्जिंग, पांढरे पट्टे कुठे हवेत याचा आराखडा करायचा. सध्या पट्टे उसाच्या पाचटाखाली गेलेत. चाचणीची छोटी निळी गाडी दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे नव्या सुनेसारखी मान खाली घालून चालते. आत बिरदेव बसतो, सांगलीकडचा पोरगेला माणूस. त्याचं काम एकच, गडबड झाली तर लाल बटण दाबायचं. दिवसभर शेंगदाणे खातो.

आईचा फोन आला. दबोरा, नीट जेव, आणि प्रार्थना करून झोप. शनिवारी, चौदाला, ती नगरहून राहायलाच येणार आहे. तोवर मी उपाशी मरेन अशी तिची खात्री आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

गाडीला बोलता यायला हवं. पुण्याच्या ऑफिसने पाठवलेला आवाज प्रवाशांना 'कृपया आसनस्थ व्हा' म्हणतो. बिरदेव म्हणाला, हे ऐकून म्हातारी माणसं घाबरून उभीच राहतील.

म्हणून आज वडाप जीपवाले माणसांना कसे बोलावतात ते ऐकत फिरले. दर फाट्यावर 'या या, चौफुला, या मावशी'. फक्त बोराटीच्या फाट्यावर कुणी हाक मारत नाही. जीप थांबते, ड्रायव्हर समोर बघत राहतो, चढणारे मुकाट चढतात. एकाला कारण विचारलं तर म्हणाला, "तितं न्हाई बोलवत, मॅडम," आणि गिअर टाकला. मी टिपून ठेवलं की जागा थांब्याला उत्तम आहे, सावली आहे, रस्ता रुंद आहे.

संध्याकाळी माझाच आवाज भरून पाठवला. चढताना 'या, बसा', उतरताना 'पुन्हा या'. आपल्याकडे येणाऱ्यालाही या आणि निघालेल्यालाही या. मला फार छान वाटलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज आवाजासह पहिली फेरी. रणरणतं ऊन. बोराटीच्या फाट्यावर गाडी थांबली, दार उघडलं, माझा आवाज म्हणाला, या, बसा. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी दार मिटेना. कुणी चढत असेल तर ते मिटत नाही. मग मागच्या सीटवरचा पट्टा बांधा म्हणणारा दिवा लागला. मग शेजारचा. मग एकेक करत सगळे. गाडी चाकांवर थोडी खाली बसली.

बिरदेव हसला, मॅडम, तुमच्या आवाजाला गिऱ्हाईक आहे. मीही हसले. चौफुल्याला दार उघडून 'पुन्हा या' झालं. दिवे मात्र गाडी ठेवायच्या शेडपर्यंत तसेच जळत होते. ऑफिस म्हणतं, सेन्सरवर धूळ असेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

सेन्सर पुसले होते. तरी तेच झालं.

बिरदेव आता बसत नाही, दाराशी उभा राहतो. शेंगदाणे नाहीत. मला राग आला, शिकलेली बाई आहे मी. फाटा ओलांडल्यावर मुद्दाम मागे जाऊन बसले. सीट गरम होती, नुकतंच कुणी उठल्यासारखी. माझा आवाज गाडीभर म्हणाला, सरकून बसा, जागा आहे.

हे वाक्य मी कधी भरलेलंच नाही.

आणि माझ्या खांद्यावर हळूच एक डोकं टेकलं. प्रवासात पेंगणाऱ्या माणसाचं टेकतं तसं, भार टाकून. दिसत काहीच नव्हतं. चौफुल्यापर्यंत मी हलले नाही. मला हलताच आलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

बिरदेव काल रात्रीच गावी गेला. फोन उचलत नाही.

ताईबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. फार वर्षांपूर्वी त्या फाट्यावर माणसं जीपची वाट बघत बसली होती, उसाचा ट्रक त्यांच्यावर उलटला. "अजून वाटच बघत्यात. म्हून त्यास्नी कुणी या म्हनत न्हाई. बोलावलं की चढत्यात, आन् ज्यानं बोलावलं त्याच्याच घरी पावणं म्हनून येत्यात." उपाय विचारला. म्हणाल्या, ज्या तोंडानं या म्हटलं, त्याच तोंडानं जा म्हण. नुसतं जा. दुसरा शबूद नगं.

ऑफिसने आवाज काढून टाकला. गाडी शेडमध्ये कुलपात, बॅटरी बंद. बरं झालं. मी आज पोटभर जेवले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ते ओट्यावर आहेत.

भर दुपार. बाकडं मधोमध वाकलंय. मोकळं बाकडं. ताईबाईंचा कुत्रा रस्त्यापलीकडे उभा राहून तिकडे बघत केकाटतोय.

उद्या आई येणार. त्याआधी हे —

दार लावून आतून म्हणाले. जा एवढंच म्हणायचं होतं. पण जन्मात कुणाला नुसतं जा म्हटलेलं नाही. आईने म्हणूच दिलं नाही. जीभ आपोआप वळली. मी म्हणाले, जाऊन या.

बाकडं करकरलं, सरळ झालं. गेले.

काय बोलून बसले मी हे. धावत ओट्यावर गेले, जा, जा, जा म्हणून ओरडले. ऐकायला कुणी नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आईला सकाळपासून फोन लावतेय. येऊ नकोस एवढंच सांगायचंय. लागत नाही. प्रभू, तिला घरीच ठेव.

आत्ता तिचाच आला. खुशीत होती. शिरूरहून निघालेली जीप बोराटीच्या फाट्यावर बंद पडली. उन्हात उभी होती, तेवढ्यात एक निळी गाडी आली, ड्रायव्हर नाही, आणि माझ्या आवाजात म्हणाली, या, बसा. पोरीची गाडी म्हणून ती चढली. भरलेली आहे गं, म्हणाली, पण सगळे सरकले. मी ओरडले, उतर. तिला ऐकू आलं नाही. म्हणाली, येतोच आम्ही.

आम्ही.

शेडवर फोन केला. वॉचमन म्हणतो कुलूप आहे, गाडी समोर उभी आहे, मी बघतोय —

खडीवर चाकं वाजली. इंजिनाचा आवाज नाही.

आई दार वाजवतेय. दबोरा, उघड, आम्ही जाऊन आलो. आईचाच आवाज. तिच्या मागे कुणीतरी खाकरलं —

जा म्हटलं तर आईपण त्यांच्याबरोबर जाईल. या म्हटलं तर सगळे —

ये. आईला मी ये म्हणते. ये म्हणजे एकटी. तेवढंच म्हणायचं. ये आई, तू एकटी ये. कडीवर हात आहे —

मी अजून तोंड उघडलेलं नाही. बाहेर माझाच आवाज म्हणतोय, या, ब