खुणेवर चढवलेली इंग्रजी

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, जि. परभणी

विषय : इंग्रजी शब्दसंपदेपायी बुजलेली मेंढ्यांची खूण व मुलीची अडलेली शाळा.
संदर्भ : सदर उपक्रमास आपण दिलेले शाबासकीचे पत्र.

महोदय,

अर्जदार बबिता भ्र. मल्हार शिंगाडे, रा. सोनवळवाडी, सविनय कळवते की, तिची मुलगी रेणुका सहावीत शिकते. तिच्या शाळेच्या बन्सीधर गुरुजींनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर भारी इंग्रजी शब्द लिहिण्याचे फर्मान काढले. अर्जदाराची चार भांडी आपल्याकडे पाठवायच्या फोटोत उठून दिसेनात, म्हणून गुरुजींनी मेंढरे धरायला लावली आणि रेणुकाच्या हातून त्यांच्या पाठींवर ऑइल पेंटने असे शब्द रंगवून घेतले. सासऱ्यांपासून चालत आलेली मालकीची गेरूची खूण त्याखाली गेली. अर्जदाराने हटकले तर गुरुजी म्हणाले, "बाई, खुणंला काय चाटायलाव? पोरगी सायेब व्हायलीय."

पुढे गंगाखेडच्या वाटेवर, ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरे बसवली असता ती गावातल्याच भुजंगच्या कळपात मिसळली. त्याच्याही मेंढरांवर तेच शब्द! गुरुजींची अफाट शब्दसंपदा दहा शब्दांत आटोपते व तीच साऱ्या गावाला वाटलेली. आमचा एकडोळ्या मेंढा 'मॅग्निफिसंट' आणि भुजंगची खरजुली मेंढीही 'मॅग्निफिसंट'. अर्जदार आपली मेंढरे तोंडावरून ओळखते. परंतु कोणते मेंढरू कोणाचे हे ठरवणारे पंच खूण विचारतात.

निकाल लागेपर्यंत दोन्ही कळप एकत्र ठेवून दोन्ही घरांनी एकेक माणूस दिवसरात्र राखणीला द्यावे, असे पंचांनी ठरवले. रात्री अर्जदाराचे पती राखतात. अर्जदार दिवसा मजुरीला जाते. पती म्हणतात, "लय झाली इंग्रजी. दिवसा रेणुका जाईल." अक्षर आपले म्हणून पोर स्वतःलाच दोष देते, जेवत नाही. अर्जदाराचा जीव तुटतो.

आपण हे सारे फोटोत पाहिले आणि शाबासकी दिली. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, दुसरे काय! अर्जदाराचे इंग्रजीशी वैर नाही. पोरीने मेंढरांमागे जन्म काढू नये म्हणूनच तिला शाळेत घातले.

सबब, निकाल लागेपर्यंत बन्सीधर गुरुजींची दिवसपाळीला प्रतिनियुक्ती करावी. त्यांना सवड नसल्यास आपण यावे. रेणुका सोमवारी शाळेत येणार आहे. मेंढरांमागे दोघांपैकी कोण जाणार, एवढे लेखी कळवावे.

नम्रपणा संपत आलेली,
बबिता भ्र. मल्हार शिंगाडे
दि. १४ फेब्रुवारी

सोबत : रंग लागलेली लोकर, मूठभर. धुऊन पाहावी.