काडतुसाला शंभरपैकी गुण

१२ ऑक्टोबर २००२, शनिवार. रेडमंड
रायफल घ्यायची ठरवली. लहान बोअरची, म्हणजे बारीक नळीची. आधी टार्गेट, मग ससे, पुढचं पुढे. मार्चमध्ये ग्रीन कार्ड आलं, आता आपल्याला कोण अडवणार.

ऑफिसातला डग लहानपणापासून शिकार करतो. तो म्हणाला, रायफल नंतर बघ, आधी काडतूस ठरव. एकदम पटलं. एक्सेल शीट उघडलं.

आश्लेषाला सांगितलं. ती म्हणाली, सिद्धेश आपल्याकडे आहे तोवर घरात बंदूक नको. मी म्हटलं, त्याला आवाजाचा त्रास होणार नाही, नेमबाजी रेंजवर करायची असते. ती उठून स्वयंपाकघरात गेली. म्हणजे पटलं.

१५ ऑक्टोबर
सिद्धेश माझा नागपूरचा हॉस्टेलमधला रूममेट. जुलैमध्ये बेलव्ह्यूच्या कंपनीने त्याला काढलं. एच-वन व्हिसावर आहे, दुसरी नोकरी नाही, अपार्टमेंट सोडावं लागलं. तेव्हापासून आमच्या खालच्या खोलीत. बायको मैत्री आणि मुलगी नागपूरला. त्यांना अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतो, बॅग घेतो, गाडी काढतो, लायब्ररीत जाऊन बसतो आणि ऑफिस सुटायच्या वेळेला परत येतो. शिस्त म्हणतात ती ही. आश्लेषाला यात काळजी करण्यासारखं काय दिसतं कोण जाणे.

संकल्प: शुक्रवारपर्यंत काडतूस फायनल.

२२ ऑक्टोबर
फायनल नाही. उमेदवार तीन आहेत. साधं पॉइंट टू-टू: स्वस्त, शांत, पण लांबवर मंदावतं. टू-टू मॅग्नम: तेच, जरा दांडगं. आणि यंदाच आलेलं पॉइंट वन-सेव्हन: बारीक, वेगवान, सरळ जातं, पण गोळी इतकी हलकी की वारा तिला ढकलतो. अचूकतेला तीस गुण, वाऱ्याला वीस, सशाला पंचवीस, बाकी किरकोळ.

गोळी म्हणजे फक्त पुढचा तुकडा, सगळं मिळून काडतूस. मला हे गेल्या आठवड्यात कळलं. आता लोक चुकले की मी सुधारतो.

सिद्धेश जेवला नाही. डाएट चालू असावं. मीही करायला हवं. सोमवारपासून.

४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
आमच्या ग्रुपमधल्या अतुलकडे पॉटलक. पंचवीस माणसं, चार जणांनी श्रीखंड आणलं. सिद्धेश आला नाही. बरंच झालं. गेल्या वर्षी सगळे एकमेकांना कुठल्या कंपनीत म्हणून विचारत होते. यंदा कोणी कोणाला विचारत नाही.

काडतुसांवर छोटंसं भाषण झालं. लोक इतके शांत बसले की मलाच नवल वाटलं. नंतर अतुल बाजूला घेऊन म्हणाला, यार, सिद्ध्याशी एकदा नीट बोल. मी म्हटलं, रोज बोलतो. परवाच बुलेटच्या वजनावर तास झाला.

घरी आलो तर सिद्धेशने त्याचा कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवलेला. म्हणाला, तूच वापर. आश्लेषाला त्याचा राइस कुकर दिला. सामान कमी करतोय. मलाही हे जमलं पाहिजे. आश्लेषाने दोन्ही वस्तू उचलून त्याच्या खोलीत परत नेऊन ठेवल्या. दिवाळीची भेट अशी परत करतात का? मला कसंतरी झालं.

१० नोव्हेंबर
आज प्रथमच सिद्धेशने स्वतःहून शीटमध्ये रस घेतला. सगळे रकाने वाचले. मग विचारलं, अगदी जवळून वापरायचं असेल तर? असा रकानाच नव्हता! म्हणून म्हणतात, दुसऱ्याने रिव्ह्यू करावा. लगेच रकाना वाढवला. 'जवळचं अंतर', दहा गुण, किरकोळातून काढून.

११ नोव्हेंबर
डगला तो प्रश्न विचारला. त्याने कॉफी खाली ठेवली. हे कोण विचारतंय, म्हणाला. मी म्हटलं, एक मित्र, सध्या घरीच असतो. डग म्हणाला, मग खरेदी सध्या राहू दे. माणसाला उत्तर येत नसलं की तो विषय बदलतो. रकाना रिकामाच ठेवला.

१६ नोव्हेंबर
रेंजवर गेलो. भाड्याची टू-टू. दहा गोळ्या झाडल्या, कागद कोरा. शेजारच्या म्हाताऱ्याच्या कागदावर मात्र त्याने झाडल्या त्याहून बरीच जास्त भोकं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी वाऱ्याकडे पाहिलं. रेंज बंदिस्त आहे, पण अभ्यासात वारा धरावा लागतो.

निष्कर्ष: बंदूक सदोष. स्वतःची हवी.

२४ नोव्हेंबर
आश्लेषा आठवडाभर हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. खाली जाणारा जिना तिथूनच आहे, दिवाही चालू ठेवते. माझं घोरणं वाढलं असणार. संकल्प: पाठीवर झोपायचं नाही.

सिद्धेशच्या खोलीची आतली कडी निघाली आहे. स्क्रूसुद्धा नाहीत. मी म्हटलं, लावून देतो. आश्लेषा म्हणाली, हात लावू नकोस. अतुलशी फोनवर हळू आवाजात बोलते आणि मी आलो की थांबते. पुढच्या महिन्यात माझा चाळिसावा वाढदिवस आहे. मी काही कळलं नसल्यासारखं करतो.

३० नोव्हेंबर, शनिवार
ऐतिहासिक दिवस. टू-टू ८१, मॅग्नम ७९, वन-सेव्हन ७४. थँक्सगिव्हिंगचा सेल होता, रायफल घेऊन आलो. पुढच्या शनिवारी सिद्धेशला घेऊन डोंगरापलीकडे पूर्वेला, सशांच्या शिकारीला.

आश्लेषाने दारातच विचारलं, ही परत कधी नेतोस? मी म्हटलं, अगं, नियम पाळूनच ठेवणार. बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या ठिकाणी, असं पुस्तिकेत आहे. बंदूक वर कोटांच्या कपाटात. काडतुसांचा डबा खाली, सिद्धेशच्या खोलीत. ती भाजी आणायला गेली, तेवढ्यात हे उरकलं.

सिद्धेश डब्याकडे बघत उभा राहिला. "इथे?" म्हणाला. मी म्हटलं, आता ही तुझी जबाबदारी. रिकाम्या माणसाला जबाबदारी दिली की तो उभा राहतो, हे मला मॅनेजमेंट ट्रेनिंगमध्ये शिकवलं आहे. तो ठीक आहे म्हणाला.

२ डिसेंबर
माझं म्हणणं खरं ठरलं. सिद्धेशमध्ये फरक आहे. दाढी केली, खोली आवरली, चादरी धुऊन घडी घातल्या. एकदम शांत दिसतो. शनिवारच्या सशांचं विचारलं तर हसला. आश्लेषाला हे दाखवलं. तिचा चेहरा उतरला. या बाईला कशाने आनंद होईल?

३ डिसेंबर, मंगळवार, संध्याकाळी सहा
घरी कोणी नाही. आश्लेषाची गाडी नाही. सिद्धेशची आहे, पण तो नाही. कपाटात रायफल नाही. खाली डबाही नाही.

म्हणजे दोघं मला न सांगता रेंजवर गेली. रायफल माझी, अभ्यास माझा, आणि पहिली गोळी दुसऱ्याने झाडायची! सिद्धेशकडून ही अपेक्षा नव्हती. आल्यावर स्पष्ट बोलणार आहे.

त्याच दिवशी, रात्री
आश्लेषाचा फोन आला. हॉस्पिटलमधून. मी विचारलं, अपघात? ती म्हणाली, नाही. काही झालेलं नाही.

मी ऑफिसला गेल्यावर सिद्धेश डबा घेऊन वर आला. ती पोळ्या करत होती. त्याने डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, हे माझ्याजवळ ठेवू नका. आज मला स्वतःचा भरवसा नाही."

तिने गॅस बंद केला. त्याला समोर बसवलं. अतुलला बोलावलं, मग नागपूरला मैत्रीला फोन लावला आणि रिसीव्हर सिद्धेशच्या हातात दिला. तो बराच वेळ नुसता रडत होता, म्हणाली. मग दोघांनी त्याला हॉस्पिटलात नेलं. दाखल व्हायच्या कागदावर त्याने स्वतः सही केली. रायफल आणि डबा डगने त्याच्या ट्रकमधून नेला. डगचा नंबर हिच्याकडे पंधरा दिवसांपासून आहे.

मी म्हटलं, मला कोणी सांगितलं का नाही?

ती म्हणाली, "पहिल्या दिवशी सांगितलं, अरुण. त्यानेही तुला विचारलं. तू रकाना वाढवलास."

५ डिसेंबर
मैत्री शनिवारी येते आहे. आश्लेषा रोज जाते. मी विचारलं, मी येऊ? ती म्हणाली, त्यालाच विचार.

काय बोलायचं याचे मुद्दे काढायला बसलो. पान कोरं राहिलं. शीट काढून टाकलं. कोणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं नाही.

८ डिसेंबर, रविवार
सकाळी वरणभात केला. पहिल्यांदाच केला, तळाला लागला. वरचा वरचा डब्यात भरला आणि एकटाच गेलो.

तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार आणि शेजारी नर्स. स्टीलचा डबा आत चालत नाही, चमचाही नाही. मी म्हटलं, मग डबा राहू दे, मला जाऊ द्या. तिने विचारलं, पेशंटचे कोण? मित्र, म्हटलं. अठरा वर्षांची ओळख. ती आत जाऊन त्याला विचारून आली.

आज नको म्हणतो, म्हणाली. बोलली अगदी नीट.

मी म्हटलं, त्याला सांगा, काही बोलायचं नाही, नुसता बसेन. ती परत आत गेली. लवकर आली. मान हलवली. भेटीची वेळ आठपर्यंत आहे, थांबायचं तर खाली थांबा, म्हणाली.

खाली बसलो. पाचच्या सुमारास आश्लेषा मैत्रीला घेऊन आली. मैत्रीच्या अंगात आश्लेषाचा कोट होता. मैत्रीने मला नमस्कार केला. माझ्यावर राग नव्हता तिचा, तिला ओळखच नीट पटली नाही. दोघी लिफ्टने वर गेल्या.

डबा मांडीवर होता. आठपर्यंत बसलो. बोलावणं आलं नाही.