उपासाचं पित्त

नौपाडा, ठाणे
३१ जुलै २०२५

चि. साईनाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहितेय. पत्र सान्वी घेऊन येईल. मामाचं वाचून होईपर्यंत समोरून उठायचं नाही, असं तिला बजावलंय.

सोमवारी कोलेस्टेरॉल तपासायला गेले होते. लॅबमधल्या मुलीने विचारलं, उपाशी आहात ना? म्हटलं, श्रावणी सोमवार, उपास आहेच. सकाळी वाटीभर साबुदाण्याची खिचडी तेवढी खाल्लीय. ती पोट धरून हसली आणि मला परत पाठवलं. तूही हसून घे. मंगळवारी खरोखर उपाशी गेले.

रिपोर्ट चांगला नाही. वाईट कोलेस्टेरॉल दोनशे चौदा. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून येऊ शकतं, भावंडांनीही तपासून घ्यायला हवं. मग वडील कशाने गेले ते विचारलं. आपण घरात सांगतो तेच मी सांगितलं, सत्तेचाळिसाव्या वर्षी, पित्ताने.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पित्ताने असं कोणी जात नाही हो."

सान्वीचं ऑफिस बदललं, सांगितलं का तुला? आता माजिवड्याला जाते. बघ, पुन्हा भलतीकडेच चालले.

साईनाथ, बाबा काही न बोलता गेले असं मी आईला सांगितलं, तुलाही. ते खोटं होतं. ते गेले त्या श्रावणी सोमवारी तू शाळेत होतास, आई बाजारात. बाबा म्हणाले, छातीत दाटून आलंय, डावा हात जड झालाय, खालच्या डॉक्टरांना बोलाव. मी म्हटलं, उपासाचं पित्त असेल, थंड दूध घ्या. दूध हातात दिलं आणि मैत्रिणीकडे मेंदी काढायला गेले. सोळा वर्षांची होते, असं स्वतःला खूप वेळा सांगून पाहिलं. उपयोग होत नाही.

काल तुझ्या बायकोचा, संचिताचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, यांना हल्ली जिना चढताना पित्त होतं, मधल्या मजल्यावर थांबतात. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दोनदा गॅस तसाच चालू राहिला. तूही यंदा सत्तेचाळीसचा झालास.

रक्त नंतर तपासू. आज, आत्ता डॉक्टरांकडे जा, सान्वी बरोबर येईल. माझ्यावर रागवायचं ते परत आल्यावर रागव. हे पत्र खाली ठेव आणि चप्पल घाल.

तुझी,
कांताताई